जगाला नापास करणारे घरमालक

जगातल्या कोणत्याही खेळाडूला बसल्या जागेवरून नापास करू शकेल असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. ऑलिंपिकमध्ये धावणारे, पोहणारे, उड्या मारणारे, मुष्टियुद्धात दात पाडणारे आणि पाडून घेणारे, सगळे त्यांच्या ओटीवर संध्याकाळी सहाच्या सुमारास हजर व्हायचे आणि दिवेलागणीपर्यंत एकेक करून बाद व्हायचे. प्रश्न नेहमी एकच: आजवरचा सगळ्यांत मोठा खेळाडू कोण? मी त्या घरात भाड्याने राहिलो ती जवळजवळ दहा वर्षं हा वाद चालू होता, आणि खरं सांगायचं तर ती माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची दहा वर्षं होती.

शहात्तर-सत्त्याहत्तरच्या सुमाराला मी नगरकडून बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून आलो. नवं शहर तेव्हा मुख्यतः नकाशात होतं. जमिनीवर होती ती भातशेती, मिठागरं, खाडी आणि खाडीकाठची आगरी लोकांची गावं. त्यातल्या एका गावात मला खोली मिळाली. घरमालक पंचेचाळिशीचे, बुटके, रुंद, उन्हाने आणि मिठाने कातडं पिकलेले. शेत नव्या शहरासाठी गेलं होतं, मिठागरावरचं कामही बंद पडत आलं होतं, त्यामुळे जगाचा न्यायनिवाडा करायला त्यांना भरपूर वेळ होता. मी त्यांना दादा म्हणायचो. ते मला सायेब म्हणायचे. मी कचेरीत सगळ्यांत खालच्या खुर्चीवर बसतो हे त्यांना ठाऊक होतं, पण पँट घालून कामाला जाणारा माणूस त्यांच्या लेखी साहेबच होता.

खेळाडू तपासण्याच्या त्यांच्या कसोट्या ठरलेल्या होत्या. पहिली कसोटी हत्याराची. ज्याच्या हातात काही आहे तो खेळाडूच नाही. "ब्याट हाय तवर ब्याटचा खेल. ब्याट काडून घ्या, मंग हुबा करा मैदानात. मंग बगू." या एका वाक्यात क्रिकेट, हॉकी, टेनिस आणि भालाफेक निकालात निघायची. पोहणारे बाद, कारण "त्यांच्यापरीस बोयटं जोरात जातं, त्याला कोन पदक देत नाय." बोयटं म्हणजे खाडीतला एक मासा, त्याच्यावर झालेल्या या अन्यायाचा दादांना मनापासून राग होता. जड वजनाचे पैलवान बाद, कारण खाऊन वाढवलेलं वजन जर खेळात धरायचं असेल तर त्यांच्या गोठ्यातल्या म्हशीला आधी आखाड्यात उतरवायला हवं. शंभर मीटर धावणाऱ्यांबद्दल तर त्यांचा एकच सवाल असायचा. "कनाला पलतो? मागं काय लागलाय त्याच्या? आनि दहा सेकंदात घरी जाऊन दिसभर काय करतो?"

दुसरी कसोटी चिखलाची. ओहोटीच्या वेळी खाडीत मांडीएवढा काळा चिखल उघडा पडतो. दादा त्यातून अंगणातून चालावं तसे चालायचे. पाय कसा टाकायचा, टाच आधी कशी सोडवायची, हे तिथल्या लोकांना उपजतच येतं. जगातल्या कोणत्याही विजेत्याने आधी या चिखलात दहा पावलं चालून दाखवावीत आणि मगच आपल्याशी बोलावं, असं दादांचं म्हणणं होतं. आमच्या कचेरीत डोंबिवलीहून येणारे एक हिशेबनीस होते. त्यांच्याकडे वर्तमानपत्रांतल्या क्रीडावृत्तांच्या कात्रणांची जाडजूड फाईल होती. मी दादांचं वर्णन केल्यावर त्यांना राहवेना. एका शनिवारी ते फाईल घेऊन ओटीवर आले आणि त्यांनी तासभर विक्रम वाचून दाखवले. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "चला, जरा खाडीवर फिरून येव." अर्ध्या तासाने हिशेबनीस परत आले तेव्हा त्यांची पँट कमरेपर्यंत काळी झाली होती, एक चप्पल खाडीने ठेवून घेतली होती आणि चष्मा दादांच्या हातात होता.

"किती पावलं झाली?" मी विचारलं.

"तीन," दादा म्हणाले. "पन फाईल नाय भिजू दिली. मानूस चांगला हाय."

त्या दिवसापासून हिशेबनीस दर महिन्याला यायचे. वाद जिंकायला नाही, हरायला. त्यातही एक मजा असते, हे मला त्या ओटीवरच कळलं.

तिसरी कसोटी मात्र मी कधी हसण्यावारी नेऊ शकलो नाही. दादांच्या मते, दिवसभर झोपून, दूध-अंडी खाऊन, मालीश करून घेऊन संध्याकाळी खेळतो तो खेळाडू नव्हेच. "सकालधरनं मीट वावायचा. डोक्यावर पाटी, पायाखाली तापलेली जमीन, पायाच्या भेगांत मीट. सांजेला अंगात जे काय उरंल, त्याच्यावर जो खेलतो, तो खेलाडू." मिठागरावर काम करणाऱ्यांची पोरं संध्याकाळी कबड्डी खेळायची ती अशी, उरलेल्या अंगावर. हे बोलताना दादा स्वतःच्या तळपायांकडे बघायचे.

वहिनींना हा सगळा प्रकार मुळीच मान्य नव्हता. भाकरी थापता थापता त्या आतून ओरडायच्या, "सगल्या दुनियेला नापास करतंय, आनि वरचा कौल सरकलाय त्यो दोन पावसाली झाली तरी सरकलेलाच हाय!" त्यावर दादा आम्हाला हळूच सांगायचे, "हिला खेलातला काय कलत नाय." पुढच्या रविवारी मात्र ते निमूट छपरावर चढायचे. मी खालून कौलं द्यायचो आणि वाद छपरावरून चालू राहायचा. त्र्याऐंशी साली आपण क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा दादांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले. हिशेबनीस हर्षाने म्हणाले, "म्हणजे आता क्रिकेट मान्य?" दादांनी त्यांच्या हातावर दुसरा पेढा ठेवला. "पेढं देशाचं. खेलाडूचा निकाल येगला."

मग उत्तीर्ण कोण? दादांच्या मते आजवरच्या मनुष्यजातीत एकच माणूस उत्तीर्ण होता, आणि गावाचं डोकं फिरवणारी गोष्ट ही की तो गावचा नव्हता. तो खाडीपलीकडच्या गावचा, म्हणजे आमच्या गावाच्या सात पिढ्यांच्या वैऱ्यांकडचा, कबड्डीतला चढाईवाला होता. दिवसा मिठाच्या पाट्या उचलायचा, पुढे ट्रक चालवू लागला. त्याचं नाव ठाण्याच्या वर्तमानपत्रातसुद्धा कधी छापून आलं नव्हतं. "जगातला सगल्यात मोठा," दादा म्हणायचे, आणि पारावरची म्हातारी माणसं तोंड फिरवायची.

"आरं, आपल्या गावात कोन नाय का रं?"

"हायत की. चांगलं हायत. मोठं नायत."

"त्याच्याकडून काय हप्ता मिलतो काय तुना?"

दादा हसायचे. या एका मतापायी त्यांनी पुष्कळ टोमणे खाल्ले, एकदा तर गावच्या मंडळाच्या सभेतून उठून यावं लागलं, पण ते मागे हटले नाहीत. बाहेरच्यांना तो विक्षिप्तपणा वाटायचा. त्यामागचं कारण आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, असं दादा समजत होते. प्रत्यक्षात ते पूर्णपणे मला एकट्याला ठाऊक होतं. तेच सांगण्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे.

मी गावात येऊन तीन-चार महिनेच झाले होते. आमचं गाव आणि पलीकडचं गाव यांच्यात जत्रेच्या दिवशी कबड्डीची ढाल खेळली जायची. अडचण दरवर्षी एकच: पंच कुठून आणायचा? त्या पट्ट्यातली सगळी गावं एकमेकांत सोयरीक करणारी. ज्याला उभा करावा तो एका गावचा जावई नाही तर दुसऱ्या गावचा भाचा निघायचा, आणि पुढचं वर्षभर घराघरांत भांडणं. त्या वर्षी कुणाला तरी माझी आठवण झाली. देशावरचा माणूस, या बाजूला ना सासर ना आजोळ, वर हातात घड्याळ. दोन्ही गावांनी मान्यता दिली. शाळेत असताना मी कबड्डी खेळलो होतो, नियम मला येत होते. माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली.

शेवटची चढाई आली तेव्हा आमचं गाव दोन गुणांनी पुढे होतं. पलीकडचा तो चढाईवाला आत आला. दादा तेव्हा वयाने सगळ्या संघात थोरले, तरी कोपऱ्यावर उभे होते. त्यांनी त्याला धरलं आणि पाठोपाठ तिघेजण त्याच्यावर पडले. चार माणसं अंगावर घेऊन तो मध्यरेषेकडे सरकू लागला. तसं सरकणं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. मी रेषेवर गुडघे टेकून बसलो होतो. त्याचं "कबड्डी, कबड्डी" मला ऐकू येत होतं, बारीक, पण न तुटता. त्याच्या उजव्या हाताचा पंजा रेषेच्या पलीकडे येऊन पडला तेव्हाही ते चालू होतं. म्हणजे गडी सुखरूप, त्याला धरणारे चौघेही बाद, आणि ढाल खाडीपलीकडे.

मी शिट्टी वाजवली आणि ओरडलो, "दम तुटला! गडी बाद!"

मला कुणी धमकावलं नव्हतं. कुणी काही देऊ केलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की घाबरून तसं झालं, पण ते खरं नाही. माझ्या पाठीमागे अख्खं गाव श्वास रोखून उभं होतं आणि त्या क्षणी मला त्यांच्यातला एक व्हावंसं वाटलं. एकट्या खोलीत तीन महिने काढलेल्या माणसालाच ते कळेल. ढोल वाजू लागले, मला लोकांनी खांद्यावर घेतलं आणि वहिनींनी ओवाळलं. पलीकडच्या गावच्या लोकांनी वाद घातला नाही, कारण पंच दोघांनी मिळून निवडला होता. तो चढाईवाला उठला, अंगावरची माती झटकली आणि माझ्याकडे एकदा बघून निघून गेला.

नाचत नव्हते ते फक्त दादा. तिसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "सायेब, तुमची कायबी चूक नाय. त्याचा दम तुटला नव्हता. माज्या कानाजवलच तोंड व्हता त्याचा. पन माजा हात त्याच्या तोंडावर पडला व्हता. म्हून तुमाला ऐकू आयला नाय. पाप माजा हाय."

दादांचा हात कुठेही पडलेला असो, मला सगळं ऐकू आलं होतं, आणि पंजा तर मी डोळ्यांनी पाहिला होता. बोलायचा क्षण तो होता. मी म्हणालो, "जाऊ द्या दादा, खेळात असं होतं."

त्यानंतर आठवडाभरात त्यांनी ओटीवर पहिल्यांदा जाहीर केलं की जगातला सगळ्यांत मोठा खेळाडू खाडीपलीकडे राहतो. ढाल परत करणं त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हतं, ती गावाची होती. हातात होतं तेवढं ते करत राहिले, आणि मी समोर बसून चहा पीत जगभरच्या खेळाडूंची बाजू मांडत राहिलो. माझं लग्न झालं, मुलगी झाली. वहिनींनी तिला न्हाऊमाखू घातलं. मला हवं होतं तसं मी त्यांच्यातलाच एक झालो होतो.

शहाऐंशी साली मला नव्या वसाहतीत सदनिका मिळाली. निघण्याआधीच्या रविवारी दादांनी जेवण ठेवलं आणि मला न सांगता पलीकडच्या गावच्या त्या माणसाला बोलावलं. तो आला. अंगाने सुटलेला, केस पिकायला लागलेले, ट्रकवाल्यासारखा मोठ्याने बोलणारा. दादांनी त्याला लाकडी खुर्चीवर बसवलं, स्वतः खाली बसले आणि आळीतल्या पाच-सहा जणांसमोर म्हणाले, "ह्यो बगा. जगातला सगल्यात मोठा खेलाडू."

"गप रं!" तो माणूस लाजून लालबुंद झाला. "मी ठाण्याच्या पुढं कदी खेललोबी नाय."

"दुनियाच तुज्याकडं आयली नाय, त्याला तू काय करशील? आज सगल्यांच्या म्होरं सांगतू. तवा तुजा दम तुटला नव्हता. माजा हात तुज्या तोंडावर व्हता. सायेबांना ऐकू आयला नाय. मना माफ कर."

तो माणूस घास हातात धरून थांबला. "तोंडावर? कोन बोल्ला? तुजे दोनी हात माज्या गुडग्याला व्हते. असा पिरगाललास का अजून थंडीत दुकतो. तोंड माजा मोकला व्हता. बेंबीच्या देठापासून वरडत व्हतो."

दादांनी आपले दोन्ही तळहात उलटेसुलटे करून पाहिले. दहा वर्षं ते त्या हातांना दोष देत आले होते. निवडलेला पंच खोटं बोलेल ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसण्यासारखी नव्हती, म्हणून ऐकू न येण्याचं कारण त्यांनी स्वतःच्या अंगावर शोधून काढलं होतं. मग त्यांनी मान वर केली. सगळेच माझ्याकडे बघत होते.

मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "आता इतक्या वर्षांनी कुणाला नीट आठवतंय?"

दादा माझ्याकडे बघत राहिले. फार वेळ नाही, पण त्यांना सगळं कळलं एवढा वेळ. मग ते त्या माणसाकडे वळले आणि एकदम आवाज चढवून म्हणाले, "चल! तुना काय ठावं? चार जन अंगावर व्हते तुज्या, तुना कंचा हात कुटं हाय ते काय कलनार? हात माजाच व्हता. तोंडावरच व्हता."

"आरं, तोंड माजा, मना नाय ठावं?"

"नाय ठावं!"

आणि सगळे हसले. वहिनींनी न विचारता माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

सामान हलवायच्या दिवशी दादांनी माझं लोखंडी कपाट एका बाजूने स्वतः उचललं. ते टेम्पोत चढवल्यावर मी म्हणालो, "दादा, त्या दिवशीच्या सामन्याचं..."

"आता नको सायेब," ते म्हणाले. "टेंपोवाला खोलंबलाय."

त्यानंतर ते तीन वर्षं होते. मी रविवारी जायचो. चहा तोच, ओटी तीच, जगभरचे खेळाडू तसेच बाद होत होते आणि माझ्याशी त्यांचं वागणं तसूभरही बदललं नाही. नव्याने ऐकायला बसलेला कुणी विचारायचा, "मंग त्या म्याचला पंच कोन व्हता?" पूर्वी दादा कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवायचे. आता म्हणायचे, "व्हता कोनतरी. आठवत नाय." आणि माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवायचे.

हे सगळं मी गेल्या महिन्यात कागदावर उतरवलं आणि छापायला देण्याआधी त्या चढाईवाल्याकडे गेलो. तो आता खारघरला नातवाच्या फ्लॅटमध्ये चौदाव्या मजल्यावर राहतो. ऐकू कमी येतं, गुडघ्याला पट्टा आहे. मी मोठ्याने वाचून दाखवलं. मधे त्याने दोनदा पाण्याचा पेला माझ्यापुढे केला. माझ्या मूळ मजकुरात सामन्याच्या ठिकाणी असं होतं की त्याची दोन बोटं रेषेपलीकडे गेली होती. तिथे त्याने मला थांबवलं.

"बोटं नाय. पंजा. पुरा पंजा पलीकडं व्हता." त्याने आपला जाड हात टीपॉयवर पसरून दाखवला. "लिवतच हाव तर अर्धा कनाला लिवतंव?"

मी तिथेच पेन काढून "दोन बोटं" खोडली आणि "पंजा" लिहिलं. त्याने कागद डोळ्यांजवळ धरून तो शब्द बघितला आणि समाधानाने मान हलवली. मग नातसुनेने चहा आणला. आम्ही दोघांनी तो प्यायला. आता आमच्यात सगळं एकमताने ठरलं होतं, आणि नाही म्हणणारा कुणी उरला नव्हता.